वरातीच्या घोडीला सीझनभर रोज पेनकिलर दिली तर चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. मारवाडी घोडी, लग्नसराईत वरातीला जाते, नाचायला शिकवलेली आहे, महिनाभरापासून मागच्या उजव्या पायाने लंगडते. गावात एकजण इंजेक्शन मारून देतो, मग दीड दिवस झक्कास चालते आणि औषध उतरलं की परत पाय उचलून धरते. आता तारखा लागोपाठ आहेत, तर सीझन संपेपर्यंत रोज एक इंजेक्शन चालू ठेवलं तर काही बिघडेल का, आणि रोजचं इंजेक्शन महाग पडतं म्हणून मेडिकलमधली माणसांची गोळी चंदीत घालून दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीचं उत्तर नाही. पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर तुम्ही इंजेक्शन बंद कराल आणि घोडी तशीच दुखऱ्या पायावर उभी राहील, ते पण मला नकोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी घोड्यांचाच डॉक्टर आहे, रेसचे घोडे, स्टड फार्म, हिल स्टेशनची तट्टं आणि वरातीच्या घोड्या सगळ्यांचं काम केलंय, आणि पेनकिलरचा गैरवापर या सगळ्यांकडे बघितलाय, फक्त प्रत्येकाकडे त्याची तऱ्हा वेगळी.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की लंगडणं हा आजार नाही. कुठंतरी दुखतंय म्हणून घोडी त्या पायावरचा भार कमी करते, आणि भार कमी झाला की जखम भरायला वाव मिळतो. तुम्ही औषधाने दुखणं दाबलं आणि घोडीला तबेल्यात विश्रांतीला ठेवलं तर ते औषध घोडीसाठी झालं. दुखणं दाबलं आणि त्याच रात्री तिला बँडपुढे दोन पायांवर उभी केली तर ते औषध तारखेसाठी झालं, घोडीच्या वाट्याला फक्त नुकसान आलं. नाचणारी घोडी पुढचे पाय उचलते तेव्हा सगळा भार मागच्या पायांच्या मधल्या, हॉक म्हणतात त्या सांध्यावर येतो, वर नवरदेव, त्याच्यापुढे एखादं पोर, खाली डांबरी रस्ता. हॉक जर आतून झिजत असेल किंवा लिगामेंटला मार असेल तर दुखण्यामुळे घोडीच स्वतःला आवरते, आणि ते आवरणंच तुम्ही इंजेक्शनने काढून घेताय.

रेसच्या धंद्यात हे फार आधी कळलं. 1968 च्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज नावाचा घोडा पहिला आला, नंतर तपासणीत त्याच्या अंगात फेनिलब्युटाझोन सापडलं आणि त्याचा पहिला नंबर काढून घेतला, ते भांडण पुढे काही वर्षं कोर्टात चाललं. फेनिलब्युटाझोन म्हणजे ज्याला तबेल्यातले लोक नुसतं ब्यूट म्हणतात ते. आपल्याकडेही रेसच्या दिवशी घोड्याच्या अंगात पेनकिलर सापडलेली चालत नाही. पळणाऱ्या घोड्याच्या हाडाला बारीक तडा असेल तर तो दुखतो, घोडा आखडून पळतो, आणि ते दुखणं झाकलं तर तोच घोडा पूर्ण जोर लावतो आणि भर वेगात हाड तुटतं, घोडा जातो आणि जॉकीच्या पण जिवावर बेततं. तुमच्या घोडीच्या पाठीवर नवरदेव बसलेला असतो आणि आजूबाजूला बायका-पोरं नाचत असतात, हे विसरू नका.

आता कारण शोधायचं. महिनाभर औषध चाललंय पण या महिनाभरात कोणी खूर उचलून बघितलाय का? हे मी मुद्दाम विचारतोय, कारण घोड्याच्या लंगडण्याचं कारण बऱ्याचदा खुरातच सापडतं. मागे एका घोड्याला दोन आठवडे सलग इंजेक्शनं चालली होती, मालक म्हणत होते मांडीत भरलंय. मी फेटलॉकच्या म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघितली तर ती ठाण-ठाण लागत होती, खूर गरम. हूफ टेस्टरने म्हणजे खूर दाबायच्या चिमट्याने तळव्याभोवती एकेक जागा दाबत गेलो, टाचेच्या बाजूला एका जागी दाबल्याबरोबर घोड्याने पाय हिसकावला. तिथं नालेचा एक खिळा जरा आत गेलेला होता. नाल काढली, खुराच्या चाकूने ती काळी रेघ हळूहळू कोरत गेलो आणि आतून काळपट पातळ पू बाहेर आला, असा वास की शेजारी उभा असलेला पोरगा मागं सरकला. पू निघाल्यावर थोड्याच वेळात घोड्याने तो पाय टेकला. नंतर मिठाच्या कोमट पाण्यात खूर बुडवणं, पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन, बास. दोन आठवडे पेनकिलरवर घातलेले पैसे आणि घोड्याने सोसलेलं दुखणं दोन्ही वाया, कारण पेनकिलरने पू बाहेर येत नाही.

ती नाडी बघायला तुम्ही आजच शिका. निरोगी घोड्याच्या फेटलॉकपाशी नाडी जेमतेम लागते, शोधावी लागते. ती जोरात उडत असेल तर खुराच्या आत काहीतरी चाललंय, मग तो पू असेल नाहीतर लॅमिनायटिस म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज असेल, आणि लॅमिनायटिस असेल तर एक दिवस पण थांबायचं नाही.

आता औषधांकडे येतो. घोड्यात मुख्यतः तीन चालतात, ब्यूट, फ्लुनिक्सिन आणि मेलोक्सिकॅम. ब्यूट हाडं-सांध्यांच्या दुखण्याला जास्त वापरतात, फ्लुनिक्सिन पोटदुखीला, मेलोक्सिकॅम दोन्हीकडे आणि आतड्याला त्यातल्या त्यात सौम्य. तिन्ही एकाच पद्धतीने काम करतात, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो तो अडवतात. सूज आणि दुखणं त्यानेच होतं, पण पोटाचं आतलं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळायचं कामही तोच करतो, सगळी गोची इथंच आहे. माणसाच्या पोटात ॲसिड जेवणाच्या वेळेला जास्त सुटतं, घोड्याच्या पोटात ते दिवसरात्र चालूच असतं, कारण घोडा हा दिवसभर चरत राहणारा प्राणी. वरातीची घोडी संध्याकाळी पाचला टेम्पोत चढते आणि रात्री बारा-एकला परत येते, तेवढा वेळ पोट रिकामं, तोंडाला पाणी नाही, अंगाला घाम. त्यावर पेनकिलर. पोटातल्या अल्सरला आणि किडनीला यापेक्षा वाईट परिस्थिती शोधून सापडणार नाही.

डोस हा वजनावर असतो, अंदाजावर नाही. फ्लुनिक्सिन किलोला 1.1 मिलिग्रॅम, मेलोक्सिकॅम 0.6 मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून एकदा. ब्यूट पहिल्या दिवशी 4.4 मिलिग्रॅम दोनदा देऊन नंतर 2.2 वर आणतात आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर कमी करत बंद करतात. वजन काढायला काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने सेंटीमीटरमध्ये घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, आलं वजन किलोत. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर साधारण 344 किलो. म्हणजे फ्लुनिक्सिन 380 मिलिग्रॅमच्या आसपास, मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमची बाटली असेल तर साडेसात मिली. मी लोकांना याच वजनाच्या घोडीला पंधरा-वीस मिली ओढताना बघितलंय, "मोठं जनावर आहे" म्हणून. मेलोक्सिकॅममध्ये उलटं होतं, गाई-म्हशींसाठी मिळणाऱ्या साध्या बाटलीत मिलिलिटरला 5 मिलिग्रॅमच असतं, त्या हिशोबाने या घोडीला चाळीस मिलीच्या वर जावं लागेल, पण टोचणारा गाईच्या सवयीने पंधरा मिली देतो, फरक पडत नाही, मग त्यावर दुसरं कायतरी मारतो आणि वरून डेक्सा.

हे एकावर एक चढवणं मला सगळ्यात जास्त खटकतं. फ्लुनिक्सिन आणि ब्यूट एकत्र दिलं तर आराम थोडासा वाढेल, नुकसान मात्र कितीतरी जास्त वाढतं. आणि डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे पेनकिलर नाहीच, ते स्टेरॉइड आहे, सूज उतरवतं म्हणून घोडी बरी वाटते, पण पेनकिलरच्या जोडीला दिलं की अल्सरचा धोका वाढतो आणि आत कुठं इन्फेक्शन असेल तर ते पसरायला मोकळं रान मिळतं. तुमच्या माणसाने नक्की कुठल्या बाटलीतून काय काय दिलं हे तुम्हाला माहीत आहे का? प्रश्नात तुम्ही नुसतं "पिवळं इंजेक्शन" लिहिलंय, त्यावरून काही कळत नाही.

माणसांच्या गोळीचं म्हणाल तर डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला 2006 पासून बंदी आहे, आणि ॲसिक्लोफेनॅक, केटोप्रोफेन यांच्यावर 2023 मध्ये बंदी आली. कारण गिधाडं. डायक्लो दिलेलं जनावर मेलं आणि उघड्यावर टाकलं की ते खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या जातात, भारतातली गिधाडं त्यानेच जवळपास संपली. ॲसिक्लोफेनॅक शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लो बनतं. रायगडात आणि गडचिरोलीत जी थोडी गिधाडं उरलीत त्यांच्यासाठी तरी हे पाळा. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, फ्लुनिक्सिन नाही, म्हणून औषध चालू असताना घोडा दगावला तर खोल खड्डा घेऊन पुरा, माळावर टाकू नका.

सलग औषधाने काय होतं ते एका घोडीवरून सांगतो. अशीच वरातीची, पांढरी, देखणी, तिला जवळजवळ अख्खा सीझन चंदीतून पेनकिलर चालू होती. मला बोलावलं ते पोटाखाली सूज आली म्हणून, मालकाला वाटलं तंग घट्ट बसला असेल. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहत होता. चंदी अर्धी ठेवलेली, गवत चघळून टाकून देत होती, लीद गोळ्या न पडता पातळ शेणासारखी. ओठ वर करून बघितलं तर हिरड्यांवर आणि जिभेच्या खालच्या बाजूला फोड फुटून जखमा झालेल्या, त्यामुळेच ती खात नव्हती. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन फार खाली गेलं होतं. मोठ्या आतड्याचा एक भाग असतो, राइट डॉर्सल कोलन, तो या औषधांनी आतून सोलवटतो आणि तिथून रक्तातलं प्रोटीन गळत राहतं, अंगावर सूज येते ती त्याची. याला उपाय फार थोडे आहेत, औषध ताबडतोब बंद, लांब चाऱ्याऐवजी महिनोन्‌महिने मऊ पेलेटसारखा आहार, आणि वाट बघणं. ती घोडी वाचली पण पुढचा सीझन पूर्ण गेला. म्हणजे ज्या तारखा वाचवायला औषध चालू केलं होतं त्याच्या दुप्पट तारखा बुडाल्या. आणि हे सगळं सुरू असताना ती लंगडत नव्हती, म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

इंजेक्शन कुठं टोचतात हेही विचारा. ब्यूटचं इंजेक्शन शिरेतच द्यावं लागतं, शिरेबाहेर थोडं जरी सांडलं तरी मानेचं कातडं कुजून गळून पडतं. फ्लुनिक्सिन मांडीत किंवा मानेच्या मांसात टोचलं तर क्वचित पण फार भयंकर प्रकार होतो, टोचल्या जागी क्लोस्ट्रिडियमचे जंतू वाढतात, दिवस-दोन दिवसांत सूज येते, दाबलं की कातडीखाली हवा असल्यासारखं चुरचुरतं, ताप चढतो, आणि तशात घोडा जाऊ शकतो. म्हणून फ्लुनिक्सिन शिरेतून किंवा तोंडाने. आणि शिरेतून म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने नाही, मानेत शिरेच्या खालीच धमनी असते, सुई तिच्यात गेली आणि औषध मेंदूकडे गेलं की घोडा जागेवर झटका येऊन कोसळतो.

पोटशूळाबद्दल दोन शब्द वेगळे, कारण तुमच्याकडे आता बाटली घरात आहे आणि मोह होणारच. घोडा लोळतोय, कुशीकडे वळून बघतोय, पाय झाडतोय, की लगेच फ्लुनिक्सिन मारायचं आणि शांत झाला की झोपायला जायचं, असं करू नका. डॉक्टरला फोन आधी, आणि डॉक्टरने सांगितलं तर औषध. कॉलिकमध्ये म्हणजे पोटशूळात डॉक्टरला सगळ्यात जास्त माहिती दुखण्याच्या प्रकारातून आणि नाडीतून मिळते. घोड्याची नाडी आरामात मिनिटाला 28 ते 44 असते, ती साठच्या वर जाऊन तिथंच राहिली, किंवा औषध देऊनही दुखणं तासा-दोन तासांत परत आलं, तर आतड्याला पीळ बसलेला असू शकतो आणि ऑपरेशनचा विचार लागतो. त्याची सोय मोजक्या ठिकाणी आहे आणि प्रवासात तास जातात. फ्लुनिक्सिनवर फ्लुनिक्सिन देत गेलं की घोडा वरून शांत दिसतो आणि आत आतडं मरत असतं. पहिला डोस चूक नसतो, डॉक्टर स्वतः देतात, चूक असते ती दुसऱ्या-तिसऱ्या डोसची, आणि दिलंय हे लपवायची.

आता दुसरी बाजू, आणि ही पण माझ्या मनाला तितकीच लागते. हे सगळं ऐकून काही मालक एवढे घाबरतात की पाय मोडल्यासारखा घोडा लंगडतोय तरी "पेनकिलरने किडनी जाते" म्हणत हळद आणि तेल चोळत बसतात. लॅमिनायटिसचा घोडा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन थरथरत उभा असतो आणि त्याला चार दिवस काहीच मिळत नाही, हाही छळच आहे. घोडा ओरडत नाही. तो भक्ष्य असलेला प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे, माणूस समोर आला की कान टवकारून बरा असल्यासारखा उभा राहतो. म्हणून लांबून, त्याला न कळता बघा. कान मागे ताठ, डोळ्यांच्या वरची खोबण ताणलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, जबड्याचे स्नायू आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या, खालचा ओठ ताठ, असं दिसलं की त्याला दुखतंय. योग्य वजनाला योग्य डोस, पोटात गवत, पुढ्यात पाणी, सात-दहा दिवस आणि सोबत विश्रांती, असं दिलं तर बहुतेक निरोगी मोठ्या घोड्यांना या औषधांचा काही त्रास होत नाही. शिंगरांचं मात्र वेगळं, त्यांच्या पोटाला आणि किडनीला ही औषधं फार लवकर बाधतात, तिथं डॉक्टरशिवाय एक थेंबही नाही. म्हाताऱ्या, कामातून काढलेल्या घोड्याला सांधेदुखीसाठी कमीत कमी डोसवर महिनोन्‌महिने औषध चालवायला मी स्वतः तयार असतो, अधूनमधून रक्त तपासून, कारण तिथं औषध त्याला उठता-बसता यावं म्हणून असतं.

कायद्याचं पण सांगून ठेवतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 11 प्रमाणे आजारी, जखमी किंवा कामाला अयोग्य जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा आहे. इंजेक्शन देऊन लंगडणं झाकलं म्हणून घोडी कामाला योग्य ठरत नाही.

आणि पुढेमागे दुसरी घोडी घ्यायला निघालात तर बाजारात एका दिवसात सौदा करू नका. लंगडा घोडा एका डोसवर एक दिवस सरळ चालतो हे तुम्ही स्वतः बघितलंच आहे. कडक जमिनीवर सरळ रेषेत आणि मग छोट्या गोलात दुडकी चालवून बघा, दोन-तीन दिवसांनी परत येऊन बघा, आणि किंमत मोठी असेल तर डॉक्टरकडून त्याच दिवशी रक्त काढून ठेवा. रक्त काढू का म्हटल्यावर विकणारा काय म्हणतो त्यातून बरंच कळतं.

तुमच्या घोडीचं आता असं करा. आजपासून ते इंजेक्शन बंद, वरात बंद, घोडी मऊ बिछान्यावर, कोरडं गवत सतत पुढ्यात, हरभरा आणि चंदी निम्म्यावर, कारण काम नसताना तेवढी चंदी घातली तर नवीन दुखणं उभं राहतं. दिवसातून दोनदा पायावर वीस मिनिटं थंड पाणी सोडा. औषध अंगातून उतरल्यावर तीन-चार दिवसांत डॉक्टर यावेत अशी वेळ ठरवा, म्हणजे खरं लंगडणं दिसेल, पण ती पाय टेकतच नसेल किंवा खुराची नाडी उडत असेल तर थांबू नका, आजच बोलवा. डॉक्टर आधी नाल काढून खूर बघतील, मग हॉक दुमडून धरून सोडतील आणि दुडकी चालवतील, लागलं तर पायाची नस बधिर करून दुखणं नक्की कुठं आहे ते ठरवतील, मग एक्स-रे. महिनाभर औषध झालंय म्हणून रक्तात अल्ब्युमिन आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघायला सांगा, लीद पातळ होतेय का तेही सांगा. हॉकची झीज निघाली तर सांध्यात इंजेक्शन, नालबंदाकडून नालेत बदल आणि विश्रांती यावर ती बरीच सुधारू शकते, साध्या चालीने वरातीला जाऊही शकेल, पण मागच्या दोन पायांवर नाचवणं मी तरी परत सुरू करू देणार नाही.

तारखांचं म्हणाल तर ओळखीतल्या घोडीवाल्याला अर्ध्या पैशावर द्या, सुपारी तुमचीच राहील, गिऱ्हाईक तुटणार नाही. आणि तबेल्यात त्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या पडल्या असतील तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागतील, लेबल फाटलं असेल तरी ठेवा.